गंधकाच्या चार समस्थानिकांवरून प्राचीन हवा कशी वाचावी: नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) तक्ता प्रयोगशाळेतून येतो, एका नमुन्यापुढे ०.२ किंवा ०.३ असा आकडा दिसतो आणि प्रबंधात वाक्य उमटतं: ‘यावरून त्या काळी हवेत ऑक्सिजन नव्हता हे सिद्ध होतं.’ एमएस्सी आणि पीएचडीच्या मसुद्यांत ही उडी वारंवार दिसते. बहुतेक वेळा यंत्र चांगलं असतं, आकडाही खरा असतो. चूक आधीच झालेली असते: नमुना निवडताना, सूत्र वापरताना किंवा पडताळणीचा क्रम सोडताना. त्या क्रमाचाच हा लेख आहे. उदाहरण म्हणून गंधक घेतलं आहे, कारण आर्कियन काळातल्या (सुमारे ४ ते २.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या) हवेबद्दल आपल्याकडे असलेला सर्वांत भक्कम रासायनिक पुरावा गंधकाचाच आहे.

## आधी एवढं पक्कं असू द्या

गंधकाला चार स्थिर समस्थानिक आहेत. गंधक-३२ सुमारे ९५ टक्के, गंधक-३४ सुमारे ४.२ टक्के, गंधक-३३ सुमारे ०.७५ टक्के, आणि गंधक-३६ इतका विरळ की दहा हजार अणूंमागे एखाद-दुसराच सापडतो.

जिवाणूंचं श्वसन, खनिजांची वाढ, उकळणं, विरघळणं अशा नेहमीच्या प्रक्रिया या अणूंना वजनानुसार वेगळं करतात. त्यामुळे गंधक-३४ किती सरकला (म्हणजे गंधक-३२ च्या तुलनेत त्याचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती बदललं) हे कळलं की ३३ साधारण त्याच्या ०.५१५ पट आणि ३६ साधारण १.९ पट सरकलेला असणार, हे आधीच सांगता येतं. हे प्रमाण ज्या प्रक्रियेत मोडतं, तिला वस्तुमान-निरपेक्ष विभाजन म्हणतात. सुमारे १९० ते २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी सल्फर डायऑक्साइडचा रेणू फोडला की हे प्रमाण मोडतं. आज ऑक्सिजन आणि ओझोन ती किरणं वरच शोषून घेतात.

मोजलेल्या सरकण्याला डेल्टा-३३, डेल्टा-३४, डेल्टा-३६ म्हणू. अपेक्षेपेक्षा जे जास्त किंवा कमी आलं, त्याला कॅप-३३ आणि कॅप-३६ म्हणू. सगळे आकडे दर हजारी.

## टप्पा १ : प्रश्न नेमका करा

‘प्राचीन वातावरणाचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘या थरातलं गंधक ऑक्सिजनविरहित हवेतून आलं का?’ हा प्रश्न आहे. ‘हे सल्फेट कोणत्या ऑक्सिडीकारकाने तयार झालं?’ हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गंधकात सापडत नाही. ते सल्फेटमधल्या ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांत असतं, कारण ओझोनकडे ऑक्सिजन-१७ चा मोठा आधिक्य-ठसा असतो आणि ओझोन ज्याला ऑक्सिजन देतो त्याच्याकडे तो ठसा जातो.

या दोन ठशांची सरमिसळ अनेक जण करतात. ओझोनमधली विसंगती ऑक्सिजनचा अणू आणि ऑक्सिजनचा रेणू एकत्र येऊन ओझोन तयार होताना निर्माण होते. गंधकाची विसंगती किरणांनी रेणू फुटताना येते. कारणं वेगळी आहेत, म्हणून एकाच्या संख्येवरून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही. नामिब वाळवंटातल्या किंवा अंटार्क्टिकाच्या कोरड्या खोऱ्यांतल्या आजच्या सल्फेटांत ऑक्सिजन-१७ चं आधिक्य मिळतं. त्याचा ऑक्सिजनविरहित हवेशी काही संबंध नाही.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तक्त्यात काय दिसेल, हेही लिहा. दुसरं वाक्य जमत नसेल तर अजून नमुने पाठवू नका.

## टप्पा २ : नमुना कुठून घ्यायचा

आर्कियन ठसा शोधायचा तर खडक साधारण २.३ अब्ज वर्षांहून जुना हवा, गाळाचा हवा आणि त्यात सल्फाइड किंवा बराइट (बेरियम सल्फेटचं खनिज) हवं. दक्षिण आफ्रिकेतला बार्बर्टन पट्टा आणि ट्रान्सवाल खोरं, तसंच पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पिल्बारा या ठिकाणी पुन्हा पुन्हा काम झालं ते यामुळेच. आपल्याकडे धारवाड क्रेटॉनवरच्या (दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन, स्थिर भूखंडावरच्या) गाळाच्या खडकांत असं काम करता येतं.

महाराष्ट्रातून येणारा नेहमीचा प्रश्न दख्खनच्या बेसाल्टचा असतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्या वेळी हवेत भरपूर ऑक्सिजन होता. ज्वालामुखीच्या गंधकाचे इतर प्रश्न तिथे विचारता येतील, हा नाही.

दुसरा प्रश्न गोवा-सिंधुदुर्गाच्या लोहखनिज पट्ट्यांचा. ते खडक धारवाड समूहाशी जोडले जातात, म्हणून वयाने योग्य वाटतात. पण तिथे पृष्ठभागावर जांभा आहे. इतक्या तीव्र झिजेत पायराइट (लोहाचं सल्फाइड खनिज) टिकत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण होऊन गंधक सल्फेट बनतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातं. उरलेल्या तपकिरी खुणांवरून समस्थानिक मोजण्यात अर्थ नाही. अशा भागात झिजेच्या थराखालून काढलेला बोअरहोल-कोअर (खोल छिद्र पाडून काढलेला खडकाचा दंडगोल) मिळत असेल तरच पुढे जा.

कोअर घेतानाही दोन गोष्टी विचारा. कापताना आणि ड्रिल करताना कोणतं तेल वापरलं? काही कटिंग तेलांत गंधकयुक्त घटक असतात. आणि कोअर किती वर्षं, कसा साठवला? दमट गोदामात पडून राहिलेल्या पायराइटवर पांढरट-पिवळं सल्फेटचं पूट चढतं. तो भाग कापून टाका.

रूपांतरणाची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त बाळगली जाते. उष्णता आणि दाबाखालच्या प्रक्रिया वजनानुसारच चालतात. त्या डेल्टा-३४ बदलतात, पण कॅप-३३ नव्याने निर्माण करत नाहीत. बाहेरचं गंधक येऊन मिसळलं तर कॅप-३३ पातळ होतो. म्हणून ‘खडक ग्रीनशिस्ट (कमी तीव्रतेच्या) दर्जापर्यंत रूपांतरित आहे’ एवढ्यावरून नमुना बाद करू नका. त्यात गरम पाण्याने आणलेल्या शिरा आहेत का, ते बघा.

सावधान: एकाच थरातला एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे. थराच्या उभ्या दिशेने सलग नमुने घ्या. शेजारी सल्फेट खनिज असेल तर तेही घ्या. पुढे टप्पा ८ मध्ये त्याचा उपयोग होईल.

## टप्पा ३ : भुकटी करण्याआधी सूक्ष्मदर्शक

हा टप्पा गाळला जातो आणि मग सगळं बिघडतं. एकदा भुकटी झाली की कोणतं पायराइट कुठलं, हे कायमचं हरवतं.

पॉलिश केलेला काप परावर्तित प्रकाशाखाली बघा. गोल झिजलेले कण नदीने वाहून आणलेले असू शकतात. त्यांचं गंधक त्या काळच्या हवेचं नसून आणखी जुन्या खडकाचं असेल. बारीक गोळे आणि थराला समांतर पसरलेले कण गाळ साचत असताना वाढलेले असतात. थराला छेदणाऱ्या शिरा नंतरच्या आहेत. तिन्ही प्रकार एका कापात सापडणं नेहमीचं आहे.

प्रकार स्वच्छ वेगळे करता येत असतील, किंवा एकाच प्रकाराचं वर्चस्व असेल, तर रासायनिक मार्ग घ्या (टप्पा ४). कण मिसळलेले असतील तर कापावरच बिंदू-बिंदू मोजणारं आयन-प्रोब लागेल. तिथे गंधक-३२ ला चिकटलेला हायड्रोजन गंधक-३३ च्या जवळजवळ त्याच वजनाचा होतो. दोघांना वेगळं करायला सुमारे ३९०० हून जास्त वस्तुमान-विभेदन लागतं. प्रयोगशाळेला हा आकडा विचारा. मानक नमुनाही त्याच खनिजाचा हवा: पायराइटसाठी पायराइट, पायरोटाइटसाठी पायरोटाइट. आणि एका बिंदूच्या मापनाची अनिश्चितता रासायनिक मार्गापेक्षा बरीच मोठी, साधारण दशांशात असते, हे आधीच गृहीत धरा.

तपासा: प्रत्येक मापनबिंदूचं छायाचित्र आणि कणाचा प्रकार नोंदला आहे का? नसेल तर तक्ता आला तरी अर्थ लावता येणार नाही.

## टप्पा ४ : खडकातून गंधक वेगळं काढणं

किती भुकटी लागेल याचा हिशेब आधी करा. पायराइटमध्ये वजनाने सुमारे ५३.४ टक्के गंधक असतं, सिल्व्हर सल्फाइडमध्ये सुमारे १२.९ टक्के. खडकात ०.५ टक्के पायराइट असेल तर १ ग्रॅम भुकटीतून ५ मिलिग्रॅम पायराइट आणि त्यातून सुमारे २० मिलिग्रॅम सिल्व्हर सल्फाइड मिळायला हवं. पुढच्या मापनाला साधारण ३ मिलिग्रॅम पुरतं.

क्रम असा ठेवा.

१. सुटं मूलद्रव्यरूपी गंधक सेंद्रिय द्रावकाने धुऊन काढा. तसंच राहिलं तर ते पायराइटच्या वाट्यात मिसळेल.

२. नायट्रोजनच्या प्रवाहात हायड्रोक्लोरिक आम्लाने सहज फुटणारी सल्फाइडं काढा. भुकटीत फेरिक लोह असेल तर ते सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करतं. म्हणून स्टॅनस क्लोराइड घाला.

३. त्याच अवशेषावर क्रोमस क्लोराइडचं आम्लयुक्त द्रावण घालून उकळा. पायराइटचं गंधक आता हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतं. सल्फेटला हे द्रावण हात लावत नाही, आणि हाच त्याचा फायदा आहे.

४. सल्फेट हवं असेल तर वेगळ्या भागावर हायड्रआयोडिक, हायपोफॉस्फरस आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण वापरा.

५. निघालेला वायू आधी पाण्याच्या सापळ्यातून आणि मग सिल्व्हर नायट्रेटमधून न्या. काळा सिल्व्हर सल्फाइड खाली बसतो. शुद्ध पाण्याने धुवा, मग पातळ अमोनियाने, पुन्हा पाण्याने, आणि वाळवा.

क्रोमस द्रावण निळं असायला हवं. हिरवट झालं असेल तर त्यात हवा शिरली आहे. ते वापरलं तर गंधक अर्धवट निघेल. पाण्याचा सापळा कधीच वगळू नका: आम्लाची वाफ पुढे गेली तर सिल्व्हर क्लोराइड तयार होतो, वजन फुगतं आणि उत्पन्नाचा आकडा खोटा येतो. अमोनियाचं धुणं त्यासाठीच आहे.

सावधान: चांदी असलेलं अमोनियायुक्त धुण्याचं पाणी साठवू नका. ते सुकलं किंवा बराच काळ पडून राहिलं तर त्यातून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. लगेच आम्ल घालून प्रयोगशाळेच्या पद्धतीने विल्हेवाट लावा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात झाला की त्याचा वास येणं बंद होतं. धूरकपाट चालू असल्याशिवाय आम्ल ओतू नका.

तपासा: मिळालेलं सिल्व्हर सल्फाइड हिशेबाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास तरी आहे का? प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामी (नमुन्याशिवायची) चाचणी आणि एक ज्ञात पायराइट चालवला का?

## टप्पा ५ : सल्फर हेक्साफ्लोराइड बनवणं आणि मोजणं

‘आमच्या विभागातल्या यंत्रावर सल्फर डायऑक्साइड वायूने डेल्टा-३४ निघतो, त्यावरच ३३ काढू’ असा बेत अनेक जण करतात. तो चालत नाही. सल्फर डायऑक्साइडमध्ये वजन ६५ वर गंधक-३३ असलेला रेणू येतो आणि गंधक-३२ बरोबर ऑक्सिजन-१७ असलेला रेणूही येतो. दोघे एकाच जागी मोजले जातात. डेल्टा-३४ साठी दुरुस्ती करून भागतं. दर हजारी शतांशात मोजायच्या कॅप-३३ साठी ती पुरत नाही.

फ्लोरिनला एकच स्थिर समस्थानिक आहे, म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये हा गोंधळ उरत नाही. सिल्व्हर सल्फाइड निकेलच्या पात्रात शुद्ध फ्लोरिनबरोबर सुमारे २५० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. तयार झालेला वायू थंड सापळ्यांतून आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफमधून स्वच्छ करतात. यंत्रात १२७, १२८, १२९ आणि १३१ या वजनांचे आयन मोजले जातात.

यातला १३१ त्रास देतो. कार्बन आणि फ्लोरिनचा एक आयन नेमका त्याच वजनाचा आहे, आणि गंधक-३६ इतका विरळ आहे की किंचित सेंद्रिय मळही कॅप-३६ ओढून नेतो. नमुन्यांपैकी एखाद्याचाच कॅप-३६ वर गेलेला दिसला तर आधी शुद्धीकरणाची नोंद मागवा.

फ्लोरिनचं काम शिकलेल्या माणसाशिवाय कुणीही करू नये. बहुतेक विद्यार्थी ते करतही नाहीत, सिल्व्हर सल्फाइड पाठवतात. पाठवताना प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा: मानक कोणतं, मानकाच्या पुनर्मापनाचा फरक किती, आणि कॅप-३६ देणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मी दुसरी प्रयोगशाळा शोधेन. कारण पुढे कळेलच.

सावधान: आयएईए-एस-१ या मानकाचा डेल्टा-३४ व्याख्येने −०.३ आहे, पण त्याचा कॅप-३३ शून्य नाही, तो ०.१ च्या जवळपास मानला जातो. एकाने आकडे थेट या मानकाच्या तुलनेत दिले आणि दुसऱ्याने व्हीसीडीटी या आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर दिले, तर दोन तक्त्यांत तेवढा कायमचा फरक राहतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एका आलेखावर टाकण्याआधी हे जुळवा.

## टप्पा ६ : गणित, आणि इथे घाई नको

सूत्रं अशी:

कॅप-३३ = डेल्टा-३३ − १००० × [ (१ + डेल्टा-३४ ÷ १०००)^०.५१५ − १ ]

कॅप-३६ = डेल्टा-३६ − १००० × [ (१ + डेल्टा-३४ ÷ १०००)^१.९० − १ ]

(^ ही खूण घातांकासाठी आहे.)

समजा डेल्टा-३४ = +५.००, डेल्टा-३३ = +४.२०, डेल्टा-३६ = +७.९५. वजनानुसार ३३ मध्ये २.५७२ आणि ३६ मध्ये ९.५२१ अपेक्षित. म्हणजे कॅप-३३ = +१.६३, कॅप-३६ = −१.५७. दोघांचं गुणोत्तर −०.९६. हा आर्कियन खडकांत नेहमी दिसणारा ठसा आहे.

आता सर्वांत सामान्य चूक. घातांकाऐवजी सरळ ‘डेल्टा-३३ वजा ०.५१५ गुणिले डेल्टा-३४’ वापरायचं. लहान आकड्यांत फरक दिसत नाही, म्हणून कुणी शंका घेत नाही. पण सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंनी बनवलेलं पायराइट घ्या, डेल्टा-३४ = −४०. ते पूर्णपणे वजनानुसार वागलं असेल तर त्याचा डेल्टा-३३ = −२०.८०४ असेल. सरळ सूत्राने अपेक्षा −२०.६ येते आणि कॅप-३३ = −०.२० ‘सापडतो’. खऱ्या सूत्राने तो शून्य आहे. अख्खी विसंगती गणिताने तयार केली! ३६ मध्ये तर +१.३७ एवढी खोटी विसंगती येते.

दुसरी चूक पूर्णांकनाची. तक्त्यात डेल्टा-३३ आणि डेल्टा-३४ एका दशांशापर्यंत छापतात, आणि कुणी तरी त्या छापील आकड्यांवरून कॅप-३३ पुन्हा काढतो. त्या पूर्णांकनानेच ०.०५ पेक्षा जास्त चूक शिरू शकते. कॅप नेहमी मूळ, न कापलेल्या आकड्यांवरून काढा.

तिसरी चूक अनिश्चिततेची. डेल्टा-३४ ची अनिश्चितता ०.२ असली म्हणून कॅप-३३ चीही तेवढीच धरायची नसते. यंत्रातली आणि रसायनातली बरीचशी चूक स्वतःच वजनानुसार असते. डेल्टा-३३ आणि डेल्टा-३४ एकत्र सरकतात आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत कॅप-३३ शतांशापर्यंत विश्वासार्ह असतो, डेल्टा-३४ तितका नसतानाही. कॅपची अनिश्चितता मानकांच्या कॅपच्या पुनर्मापनावरून घ्या, डेल्टांच्या अनिश्चिततांची बेरीज करून नको.

ऑक्सिजनवर काम करणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. तिथे घातांकाची किंवा उताराची निवड एकमताची नाही, ०.५२, ०.५२८, ०.५३०५ हे सगळे वापरात आहेत. डेल्टा-१८ = +२० असलेल्या नमुन्यात ०.५२ ऐवजी ०.५३०५ घेतलं की उत्तर सुमारे ०.२१ ने बदलतं. उतार न लिहिलेला ऑक्सिजन-१७ चा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवताच येत नाही.

## टप्पा ७ : विसंगती खोटी ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न

आकडा शून्याहून वेगळा आहे, अनिश्चिततेबाहेर आहे. आता तो किरणांमुळेच आला असं म्हणण्याआधी बाकीची कारणं एकेक करून तपासा.

मिश्रण. दोन गंधकं घ्या, दोन्ही वजनानुसार वागलेली, दोघांचा कॅप-३३ शून्य. एकाचा डेल्टा-३४ = −४०, दुसऱ्याचा +२०. निम्मं-निम्मं मिसळा. मिश्रणाचा डेल्टा-३४ = −१०, पण कॅप-३३ = −०.११ येतो आणि कॅप-३६ = +०.७७. कुठलाही किरण नाही, कुठलीही प्राचीन हवा नाही. वक्र रेषेवरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, इतकंच झालं. दोन्ही कॅपचं गुणोत्तर −६.८ आहे, हे लक्षात ठेवा.

जिवाणूंची प्रक्रिया. सल्फेटचं श्वसन अनेक पायऱ्यांनी होतं आणि त्यात घातांक ०.५१५ वरून किंचित हलतो. त्यातून कॅप-३३ मध्ये साधारण ±०.२ पर्यंतचे बदल दिसतात. इथेही गुणोत्तर −७ च्या आसपास असतं.

चुंबकीय परिणाम. गंधक-३३ च्या केंद्रकाला फिरक (स्पिन) आहे, ३२, ३४, ३६ ला नाही. सेंद्रिय पदार्थाबरोबर उच्च तापमानात सल्फेट क्षपण झाल्यावर प्रयोगशाळेत कॅप-३३ वाढलेला मिळाला आहे, पण कॅप-३६ हललेला नाही.

कॅप-३६ शिवाय काम का करू नये, ते आता दिसेल. एकट्या +०.३ वरून या तिघांतला कोण आणि किरणांचा ठसा कोणता, हे सांगता येत नाही. दोन्ही कॅप एका आलेखावर टाका. −७ च्या जवळचा उतार असेल तर मिश्रण किंवा जिवाणू. ३६ शून्यावर आडवा असेल तर चुंबकीय परिणामाचा विचार. −०.९ च्या आसपास असेल तर आर्कियन हवेच्या नेहमीच्या ठशाशी जुळतं. उतार एका बिंदूवर काढायचा नसतो. म्हणूनच टप्पा २ मध्ये सलग नमुने सांगितले.

जुन्या गंधकाचा पुनर्वापर. हे कारण उतार पाहून सुटत नाही. आर्कियन खडक झिजतात, त्यांचं गंधक नंतरच्या, ऑक्सिजन असलेल्या काळातल्या समुद्रात जातं, आणि तिथल्या गाळात −०.९ चाच उतार असलेला फिकट ठसा उमटतो. तुमचा खडक २.४ ते २.२ अब्ज वर्षांच्या दरम्यानचा असेल तर ही शंका नावानिशी लिहा. टप्पा ३ मधल्या कणांच्या नोंदी इथे कामाला येतात.

उल्का असेल तर आणखी एक. वैश्विक किरण लोहाच्या अणूंना फोडतात आणि त्यातून गंधक-३३ व गंधक-३६ दोन्ही तयार होतात. लोह भरपूर आणि गंधक नगण्य अशा भागात हे ठळक होतं. दोन्ही कॅप धन येतात, म्हणून ओळखता येतं. शिवाय जमिनीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या उल्केत पृथ्वीचं सल्फेट शिरलेलं असतं.

तपासा: या पाचही कारणांपुढे ‘का नाही’ याचं एकेक वाक्य लिहिता येतं का? एखाद्यापुढे वाक्य सुचत नसेल तर ती शक्यता अजून उघडी आहे, आणि मसुद्यात ती उघडीच दाखवा.

## टप्पा ८ : हवेबद्दल काय म्हणता येतं, काय नाही

ठसा टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. किरणं खालपर्यंत पोचायला हवीत, आणि हवेतून गंधक किमान दोन वेगळ्या रूपांत बाहेर पडायला हवं: एकीकडे मूलद्रव्यरूपी गंधकाचे कण, दुसरीकडे सल्फेट. सगळं गंधक एकाच रूपात खाली आलं तर धन आणि ऋण पुन्हा मिसळून शून्य होतं. पाव्हलोव आणि कास्टिंग यांनी २००२ मध्ये केलेल्या गणितानुसार, ऑक्सिजन आजच्या पातळीच्या एक लाखांशाहून कमी असेल तरच हे दोन मार्ग वेगळे राहतात. ‘ऑक्सिजन नव्हता’ या वाक्यामागे हा आकडा आहे, तोच लिहा.

आर्कियन पायराइटमध्ये कॅप-३३ बहुधा धन आणि त्याच काळाच्या बराइटमध्ये ऋण मिळतो. एकाच थरात दोन्ही चिन्हं सापडली तर तुमचा युक्तिवाद कितीतरी बळकट होतो.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. कॅप-३३ शून्य आला म्हणून ‘ऑक्सिजन आला होता’ असं लिहायचं नाही. पृथ्वीच्या आवरणातून (कवचाखालच्या थरातून) आलेलं गंधक शून्याच्या जवळच असतं. गरम पाण्याच्या झऱ्याशेजारचा गाळ कुठल्याही काळात शून्य दाखवेल. शून्याला अर्थ येतो तो एकाच खोऱ्यात, सलग जाडीत, निरनिराळ्या प्रकारच्या गाळात ठसा नाहीसा झाला तर. ट्रान्सवालच्या कोअरवर असं काम झालं. २०१६ मध्ये तिथे ठसा सुमारे २.३३ अब्ज वर्षांपूर्वी संपल्याचं मांडलं गेलं. २०२१ मधल्या अभ्यासाने त्यानंतरही तो पुन्हा परतल्याचं दाखवून ऑक्सिजन कायमचा स्थिरावण्याची वेळ सुमारे २.२२ अब्ज वर्षांपर्यंत पुढे ढकलली. इतक्या बारकाईने मोजलेल्या खडकांतही तारीख हलते, तेव्हा चार नमुन्यांवर तारीख ठरवू नका.

गुणोत्तर −०.९ वरून −१.५ कडे सरकलेलं दिसलं तर त्याचा मिथेनच्या धुक्याशी संबंध जोडला गेला आहे. हे वाचन वाजवी आहे, पण प्रयोगशाळेतल्या किरण-प्रयोगांना खडकांतला ठसा अजून हुबेहूब जमलेला नाही. म्हणून गुणोत्तरावरून थेट तरंगलांबी किंवा वायूचं प्रमाण काढून दाखवू नका.

आजच्या हवेतही विसंगती मिळते. आगुंग (१९६३) आणि पिनाटुबो (१९९१) यांच्या उद्रेकांचं गंधक ओझोनच्या थरापर्यंत वर गेलं, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या सल्फेटाचा कॅप-३३ आधी धन आणि नंतर ऋण मिळाला. बर्फाचा संपूर्ण ज्वालामुखी-थर एकदम वितळवला तर दोन्ही एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. थर वेळेनुसार पातळ कापा. शहरी हवेतल्या सल्फेट कणांतही काही दशांशाचा कॅप-३३ मोजला गेला आहे, तेव्हा आधुनिक नमुन्यात शून्याहून वेगळा आकडा दिसला म्हणून दचकू नका.

मंगळाच्या बाबतीत मोजमाप कुठे झालं ते पाहा. मंगळावरून आलेल्या उल्कांत पृथ्वीवरच्या यंत्रांनी मोजलेला कॅप-३३ साधारण एका दर हजारीच्या आतबाहेर असतो आणि तो तिथल्या हवेतल्या किरण-रसायनाचा मानला जातो. क्युरिऑसिटी रोव्हरने गेल विवरात डेल्टा-३४ मध्ये −४७ पासून +२८ पर्यंतचा मोठा पल्ला मोजला, पण त्या टोकांच्या मापनांची अनिश्चितता ७ ते १४ दर हजारी आहे. त्या आकड्यांवरून कॅप-३३ बद्दल काहीही म्हणता येत नाही. डेल्टा-३४ च्या चर्चेसाठी ते वापरा.

## टप्पा ९ : तक्ता कसा द्यायचा

डेल्टा-३३, ३४, ३६ तिन्ही, किमान तीन दशांशांपर्यंत. कॅप दोन्ही, वापरलेल्या घातांकांसह. मापपट्टी आणि मानकाला दिलेली मूल्यं. मानकांच्या पुनर्मापनांची संख्या आणि पसारा. प्रत्येक नमुन्यापुढे कोअरमधली खोली, खनिज, कणाचा प्रकार, आणि रासायनिक उत्पन्नाची टक्केवारी. उत्पन्न कमी आलेला नमुना वगळला असेल तर तोही तक्त्यात ठेवा आणि वगळण्याचं कारण शेजारी लिहा. दुसऱ्या कुणी वेगळा घातांक वापरून तुमचे कॅप पुन्हा काढू शकला पाहिजे. उरलेलं सिल्व्हर सल्फाइड प्रकाशापासून दूर, नाव आणि खोली लिहिलेल्या कुपीत जपून ठेवा, कारण समीक्षक पुनर्मापन मागतो तेव्हा कोअरचा तो तुकडा बहुधा संपलेला असतो.